सरळ मोजणाऱ्यांना कर्कटकाचे चार शब्द

मी एक जुनं कर्कटक आहे. दोन टोकदार पाय आणि वर पितळेचा सांधा, एवढाच माझा देह. मित्रांनो, तुम्ही माझ्याने डब्याची झाकणं उचकटता आणि पट्ट्याला भोकं पाडता. तुमच्याकडून जास्त अपेक्षा मी केव्हाच सोडली.

माझी मालकीण भूगोल शिकवायची. नकाशावर रस्ता वळेल तसं ती मला चिमुकल्या पावलांनी चालवायची आणि पावलांची बेरीज करायची. तिच्या वर्गातले दीडशहाणे मात्र दोन गावांवर पट्टी ठेवून मोकळे व्हायचे. मधला घाट त्यांच्या खिजगणतीत नसायचा.

ती निवृत्त झाली आणि मी तिच्या भाचीकडे आलं. ही कॉलेजात माशीच्या जनुकांचा नकाशा काढत होती. जनुकं दोऱ्यातल्या मण्यांसारखी ओळीने असतात, आणि नवी पिढी घडताना जोडीचे दोरे आपसांत तुकडे बदलतात. दोन जनुकं एकमेकांपासून जितकी लांब, तितक्या जास्त पिल्लांत त्यांची ताटातूट दिसते. शेकडा किती पिल्लांत दिसली, तेच त्यांचं अंतर.

तिने ओळीतली तीन जनुकं घेतली होती. दोन छोट्या अंतरांची बेरीज मोठी येई आणि टोकापासून टोकापर्यंत थेट मोजलेलं अंतर कमी भरे. प्रयोगाचे सर म्हणजे उंटावरचे शहाणे. त्यांचा हुकूम होता, "बेरीज जुळली तरच पास." म्हणून दरवर्षी अख्खा वर्ग वहीत काही माश्या या रकान्यातून त्या रकान्यात ढकलायचा आणि वर मान ताठ ठेवायचा.

भाचीनेही खोडरबर उचललं. तेवढ्यात आत्याने, म्हणजे माझ्या जुन्या मालकिणीने, नकाशा पुढे केला.

"बहिणीकडे जायचंय गं. किती लांब पडेल?"

तिने माझे पाय फाकवून थेट दोन गावांवर टेकवले. "जवळच आहे, आत्या."

"अगं, मधे घाट आहे. रस्ता या रेषेबाहेर जातो आणि फिरून परत रेषेवर येतो. तू काय उडत जाणार?"

मुलीने माश्यांचे रकाने पुन्हा समोर ओढले. मग स्वतःशीच म्हणाली, "मधे दोनदा अदलाबदल झाली, तर टोकं पुन्हा एकत्रच दिसणार. त्या माश्यांत अदलाबदल झालीच नाही असं मी धरलं." तिने खोडरबर ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "सगळ्यांचं जुळलं, तुझंच कसं नाही?"

"थेट मोजलं तर जुळणारच नाही, सर. दोनदा बदललेल्या माश्या नुसत्या टोकांवरून ओळखू येत नाहीत."

सरांनी पुढचं ऐकलंच नाही. तिला नापास केलं. माश्या ढकलणारे सगळे पास झाले, आणि सरांनी त्यांच्या अचूकपणाचं कौतुकही केलं. मला हसावं की रडावं कळेना.

ती घरी येऊन रडली. मी सहसा कुणाला मानत नाही, पण त्या पोरीचा मला अभिमान वाटला.

मित्रांनो, माझ्या सांध्याला अधूनमधून तेलाचा थेंब द्या, टोकं गंजू देऊ नका. तेवढंही होत नसेल, तर निदान दुसऱ्याच्या चुकीत बसावं म्हणून खरं माप छाटू नका. नापास झाल्यामुळे तिला सगळा प्रयोग पुन्हा करावा लागला. तिने पुन्हा माश्या मोजल्या, आणि बेरीज पुन्हा जुळली नाही. तिने तीच लिहिली.