पायातली कडी आणि माझी चोच

मी एक लव्हबर्ड बोलतेय, मूठभर पोपटीण. दिसायला गोड आहे म्हणतात. तिथंच सगळी गोम आहे.

माझी आई गुलाबी तोंडाची, फिकट चोचीची. बाबांची चोच लालभडक, डोळ्यांभोवती चष्मा घातल्यासारखं पांढरं कडं. अशा दोन जातींची जोडी लावत नाहीत. पण पक्षी पाळणाऱ्या काकांचा एक पिंजरा मोडला आणि "दोनच दिवस" म्हणत त्यांनी दोघांना एकत्र ठेवलं. ते दोन दिवस काही संपले नाहीत. मी जन्मले.

पिल्लाच्या पायात कडी दहा दिवसांतच घालावी लागते, नंतर ती पंजातून जात नाही. तेव्हा मी उघडीबोडकी, चोचीवर काळे डाग. काकांनी सवयीनं आईच्या जातीची कडी घातली. पुढं पिसं आली, डोळ्यांभोवती तुटकं कडं उमटलं, चोच ना लाल ना फिकट.

काकू म्हणाल्या, "अहो, हिची चोच बघा, कशीशीच आलीय."

"उजळेल गं. कडीवर जात लिहिलीय ना!"

त्या कडीवर विश्वास ठेवून एका ताईंनी मला नेलं. त्यांच्या लेकीला, ठमीला पिल्लू हवं होतं, म्हणून जोडीदारही आणला. घरट्यासाठी मी कागदाच्या पट्ट्या कापून आईसारखं पाठीच्या पिसांत खोचायचे. त्या वाटेतच गळून पडायच्या. मग बाबांसारखं एकेक चोचीत धरून न्यायचे. शेवटी चार अंडी घातली. ठमी शाळेतून आली की दप्तरासकट धावत यायची, "आलं का गं?"

महिना झाला. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी अंडी उजेडापुढं धरली. आत काहीच नव्हतं. मग त्यांनी माझं तोंड निरखलं.

"ताई, हे कडं तुटकं, चोच अधलीमधली. ही दोन जातींची आहे. हिला पिल्लं व्हायची नाहीत. नराला दुसरी मादी द्या."

"पण कडीवर तर..."

"कडी माणसानं घातलीय, ताई. चोच नाही."

ठमी हळूच म्हणाली, "आई, हे तिला कोण सांगणार? ती बसलीय की अजून."

ताईंनी अंडी काढून घेतली.

आता शेजारच्या पिंजऱ्यात माझा जोडीदार आणि त्याची नवी मादी आहेत. तीन पिल्लं झालीत त्यांना. ठमी तिकडं बघते, मग माझ्याकडं बघून ओशाळते. बाळा, तुझी काय चूक!

काका, पुन्हा पिंजरा मोडला तर पक्ष्याला खोक्यात ठेवा हवं तर, पण दोन दिवस म्हणू नका. आणि ताई, माझी एवढी कडी कापून टाका. रिकाम्या घरट्यात बसले की ती पोटाखाली लागते, आणि मला वाटतं, अंडंच आहे.