कोहिनूरच्या मांडीवर

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, आणि मला कोणी बिस्किटांचा डबा म्हटले की माझे झाकण तापते. बिस्किटे माझ्यात जेमतेम दोन दिवस होती. पुढची एकोणीस वर्षे मी लायली आपाच्या झोळीत काढली, ती काय बिस्किटे वाटत?

मित्रांनो, माझा जन्म ढाक्याच्या एका कारखान्यात झाला. लायली आपाच्या भावाने ईदेला मला आणले आणि तिच्या मुलांनी मला चाटूनपुसून रिकामे केले. आता जन्मभर सुईदोरा सांभाळायचा, असे मला वाटले. पण आपाला नुकतीच कुटुंब नियोजनाची नोकरी लागली होती आणि नमुने ठेवायला तिला काहीतरी हवे होते. गोळ्यांचे पाकीट, इंजेक्शनची रिकामी बाटली, तांबी, निरोध आणि दंडात कातडीखाली बसवायची एक काडी, असा माझा संसार थाटला गेला. ज्यांच्या घरी पाळणा हलू लागला आहे, त्या घरी आम्ही जायचो.

बाया मला उघडून आधी हसून घ्यायच्या. "आपा, एवढीशी काडी नऊ महिन्यांना अडवते? माझ्या नवऱ्याला अख्खं गाव अडवू शकत नाही!" मग हळूच वस्तू हातात घ्यायच्या, वास घ्यायच्या, कधी चावूनसुद्धा बघायच्या. तांबीवर अजून कोणाचा तरी दात उमटलेला आहे. मला या कामाचा फार अभिमान होता. थोडा जास्तच होता, हे नंतर कळले.

आमच्या हाओरात, म्हणजे सखल पाणथळ मुलखात, सहा महिने शेते पाण्याखाली असतात आणि गावांची बेटे होतात. आम्ही कोहिनूरच्या घरी पहिल्यांदा गेलो, त्या दिवशी आभाळ भरून आले होते आणि नावाडी घाई करत होता. कोहिनूरची पहिली मुलगी, टुकू, तेव्हा चार महिन्यांची होती. नवरा आक्कास वाळूच्या बोटीवर कामाला; पंधरवड्यातून दोन दिवस घरी यायचा. आपाने मला उघडले, दूध पाजणाऱ्या आईला चालणाऱ्या गोळ्या झोळीतून काढून दिल्या, "रोज एक, चुकवू नकोस," असे सांगितले आणि मला बंद केले. बाकीच्या वस्तूंकडे कोहिनूरने नीट पाहिलेही नव्हते.

महिन्याभरात परतायचे होते, पण पाणी चढले आणि आम्ही परतलो तेव्हा पाच महिने उलटले होते. कोहिनूर लगबगीने आत गेली आणि गोळ्यांचे पाकीट घेऊन आली.

"बघा आपा, किती जपून वापरल्या! अजून आठ उरल्यात."

आपाचा चेहरा उतरला. "रोज नाही घेतल्यास?"

"रोज कशाला? हे असतील त्या दिवशी घ्यायची."

सासू सोनाबान ओट्यावर पान लावत होती. "मीच सांगितलं तिला," ती म्हणाली. "नाव घाटाला बांधलेली असताना वल्हं कोण मारतं? आणि पाणी चढल्यावर तू कुठली येतेस?"

मित्रांनो, हाओरात जपून वापरणे हाच शहाणपणा आहे. तांदूळ, सुके मासे, चुलीचे सरपण, सारे सहा महिने पुरवायचे असते. गोळीही तशीच पुरवायची, असे त्यांना वाटले तर त्यांचे काय चुकले? आपाने "रोज" म्हटले होते, पण तुला काय समजले, हे विचारले नव्हते. कोहिनूरला तेव्हा तिसरा महिना लागला होता.

दुसऱ्या मुलीच्या वेळी रक्त थांबेना. नावेतून इस्पितळात पोहोचेपर्यंत कोहिनूरची शुद्ध हरपली होती. ती वाचली, पण डॉक्टरीणबाईंनी बजावले, "निदान तीन वर्षं पुढचं मूल नको. शरीर भरून येऊ दे, नाहीतर ही हाती लागणार नाही."

मूल दोन महिन्यांचे झाले तेव्हा आम्ही पुन्हा त्या ओट्यावर होतो. शुक्रवारी आक्कास येणार होता. कोहिनूरचा चेहरा हळदीसारखा पिवळा दिसत होता. आपाला मन खात होते, आणि मन खाऊ लागले की माणूस जास्त बोलतो.

"या खेपेला तांबीच. मी ठरवून आलेय. दहा वर्षं बघायला नको."

"पोटात तार घालून घेणार माझी सून?" सोनाबान उसळली. "दोन्ही मुलीच झाल्यात. एक मुलगा होऊ दे, मग घाला काय घालायचं ते."

"अगं चाची, जगली तर होईल ना मुलगा!"

"तुझ्या गोळ्यांनी केलं ते कमी झालं का?"

मी दोघींच्या मधोमध चटईवर उघडा पडलो होतो. कोहिनूर बाळाला पाजत होती. ती खाली मान घालूनच म्हणाली, "तुम्ही दोघी बोलताय. मरायला मात्र मी एकटीच गेले होते."

आपाने डोळे पुसले, मला उचलले आणि कोहिनूरच्या मांडीवर ठेवले. "चुकले मी. तू बघ, तू विचार."

कोहिनूरने तांबी उचलली. "हिने अंगावरून जास्त जातं का?"

"सुरुवातीला जाऊ शकतं."

तिने ती ठेवून दिली. "इंजेक्शन तीन महिन्यांनी ना? पाण्यामुळे तुम्ही अडकलात तर?"

तिने बाटलीही बाजूला ठेवली. निरोध पाहून कोहिनूर कसनुशी हसली. "हे त्यांच्या मर्जीवर." मग तिने काडी दोन बोटांत धरली. "ही दंडात चाचपली तर बोटाला लागते?"

"लागते. तीन वर्षं राहते. पाळी मागंपुढं होईल, मधेच डाग दिसतील. नको झाली तर कधीही काढता येते."

"मग हीच. आहे की नाही, ते मला कोणाला विचारायला नको."

सोनाबानने पानाची पिंक टाकली. "त्या दिवशीच्या गोधड्या मीच धुतल्या," ती म्हणाली. "घाटाचं पाणी लाल झालं होतं. शुक्रवारच्या आत इस्पितळात जा. नावाड्याला मी सांगते, बाळाला मी धरते."

आता आपाकडे चित्रे दाखवणारी पाटी आली आहे, बोटाने सरकवायची. मी कपाटावर आहे, तळाला गंज धरला आहे. वाईट वाटते, खोटे कशाला बोलू?

पण परवा कोहिनूर आपाच्या दारात आली. एकटीच आली होती. चेहरा भरला होता.

"आपा, तीन वर्षं झाली. काडी काढायचीय."

"नवी घालायची ना?"

"नाही. आता मला मूल हवंय."

आपाने बोलायला तोंड उघडले. मी वरून पाहत होतो. मग तिने ते मिटले, खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाली, "बस. सांग."

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असे मी म्हणणार नाही; पत्रा आहे, गंजणारच. पण तुमच्या घरी कोणाच्या देहाचा प्रश्न निघेल, तेव्हा जे जे आहे ते सारे तिच्यासमोर मांडा, आणि ती बोलेपर्यंत थांबा. आम्ही एकदा थांबलो नव्हतो.