हिवाळ्याचा परवाना

"पुन्हा ओढलीस दोरी!" सिसेल धक्क्यावरून ओरडली.

बोडिल पाण्याबाहेर डोकं काढून खोकत होती. शेजारी तिची लाल कयाक, एकट्यापुरती अरुंद होडी, पालथी पडून डुलत होती. थोड्या अंतरावर प्रेबेन आपल्या कयाकमध्ये वल्हं आडवं धरून बसला होता. लग्न लागून गेल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"मी येतच होतो," तो म्हणाला.

"तू जन्मभर येतच आहेस," बोडिल म्हणाली आणि पुन्हा खोकली.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार होता. क्रिस्टियन्सहाउनच्या कालव्यावरचा आमचा क्लब नोव्हेंबर लागला की कयाकच्या मांडण्यांना कुलूप घालतो. त्यानंतर पाण्यात उतरायचं तर हिवाळ्याचा वेगळा परवाना लागतो, आणि तो मिळवण्यासाठी मुद्दाम पालथं होऊन दाखवावं लागतं. गार पाण्यात पडलेल्या माणसाच्या हाती फार वेळ नसतो. म्हणून प्रत्येकानं आपापलं पाण्यातून कयाकवर परत चढायचं असा नियम आहे. बोडिलला ते जमण्यासारखं नव्हतं. तिचे गुडघे कामातून गेलेले. अशांसाठी नियमात दुसरी वाट ठेवली आहे. त्यांनी कयाकमधून बाहेर पडायचंच नाही. डोकं खाली, पाय आत, तसंच पाण्याखाली लटकत राहायचं. हात वर काढून कयाकच्या पाठीवर तीन थापा मारायच्या आणि थांबायचं. जोडीदार आपल्या कयाकचं टोक हातापाशी आणून देतो. ते धरायचं आणि कमरेच्या झटक्यानं वर यायचं.

ऐकायला सोपं आहे. मधलं ते थांबणं तेवढं कठीण.

माणसाच्या कमरेभोवती, कयाकच्या तोंडावर ताणून बसवलेला रबरी स्कर्ट असतो. त्याची पुढची दोरी ओढली की माणूस सुटतो. बोडिलनं आज दोन्ही वेळा थापा मारल्या होत्या आणि थापांचा हात तसाच खाली नेऊन दोरी ओढली होती.

त्यांनी तिला धक्क्यावर घेतलं. सिसेलनं तिच्या खांद्यावर चादर टाकली आणि थर्मासमधली कॉफी ओतून दिली. सिसेल आमची प्रशिक्षक. वयानं बोडिलच्या मुलीएवढी, पण पाण्यापाशी कुणाचं वय मोजत नाही.

"आता एकदाच," ती म्हणाली. "ओठ बघ तुझे, जांभळे झालेत. यानंतर मी तुला पाण्यात जाऊ देणार नाही."

"आणि नाही जमलं तर?"

नाही जमलं तर काय, ते तिघांनाही माहीत होतं.

बोडिल पालिकेची घरमदतनीस होती. उभी हयात तिनं याच भागातल्या म्हाताऱ्यांचे जिने चढण्यात घालवली. सकाळी सायकल, चार मजले, आंघोळ घालायची, पायमोजे चढवायचे, ओटची पेज करून द्यायची. पुन्हा सायकल, पुन्हा चार मजले. नवरा होता. तो ओडेन्सला दुसऱ्या बाईकडे राहायला गेला, तेव्हा त्याचं सामान खाली उतरवायलाही हीच लागली होती, असं प्रेबेन सांगतो. खरंखोटं त्याला ठाऊक. गुडघे झिजले तशी नोकरी संपली. जमिनीवर ती काठी टेकत चालते. पण कयाकमध्ये बसली की पायांचा संबंधच संपतो, आणि मग तिला गाठताना तरुण मुलांच्याही तोंडाला फेस येतो.

मागच्या हिवाळ्यात तिच्याकडे परवाना नव्हता. चौथ्या मजल्यावरच्या घरात ती नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बसून राहिली. लिफ्ट नाही. फेब्रुवारीत पार्सलवाल्यानं बेल वाजवली, तेव्हा "आले" म्हणायला तिनं तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. कितीतरी दिवसांत तो वापरलाच नव्हता. उन्हाळ्यात क्लबात आल्या आल्या तिनं सिसेलला सांगितलं होतं, "तसला हिवाळा मला पुन्हा नको. त्यापेक्षा पालथी होईन."

"मी काय म्हणतो," प्रेबेननं राय धान्याच्या काळ्या पावावर लिव्हरचं वाटण फासता फासता सुचवलं, "टाक ना सही, सिसेल. झालं म्हणून. कोण बघतंय?"

"मी बघतेय," बोडिल म्हणाली.

"तू सोडून."

"आणि जानेवारीत मी खरंच उलटले तर? सही येणार आहे का मला वर काढायला?"

"मी येईन ना!"

"तू!" बोडिल हसली. "अरे, तुझ्या स्वतःच्या साठीला तू उशिरा आलास. केक आम्ही कापला."

हे खरं होतं. प्रेबेन बेकरीवाला. सगळं आयुष्य मध्यरात्री उठून भट्टी पेटवलेली. निवृत्त झाला त्या दिवशी त्यानं घरातलं गजराचं घड्याळ कालव्यात फेकलं आणि जाहीर केलं, की यापुढे तो कुणाच्याही वेळेवर येणार नाही. तेवढा शब्द मात्र त्यानं काटेकोर पाळला.

"पाण्यावर मी वेगळा असतो," तो जरा दुखावून म्हणाला. "दोन्ही वेळा मी निघालो होतो, बोडिल. थापा ऐकल्याबरोबर. तू वाटच बघत नाहीस. बाई, इतकी घाई कसली?"

बोडिलनं कॉफीचा पेला दोन्ही हातांत धरला.

"राउनबाई होत्या माझ्याकडे," ती म्हणाली. "इथेच मागच्या गल्लीत, पाचव्या मजल्यावर. एकदा रात्री न्हाणीघरात पडल्या, भिंत आणि टबाच्या मधे अडकल्या. उठता येईना. मी सकाळी माझ्या वेळेला गेले, तर आतून ठक ठक आवाज. केसांचा ब्रश पाइपवर मारत होत्या. दार उघडलं तर म्हणतात कशा, 'ये गं, किल्ली नीट लागली ना?' मी म्हटलं, राउनबाई, रात्रभर तुम्ही अशा? भीती नाही वाटली? तर म्हणाल्या, 'घाबरून काय करू? तू येणारच होतीस. मी आपली प्रभूची प्रार्थना म्हणत होते. संपली की पुन्हा पहिल्यापासून.'"

"बघ," प्रेबेन म्हणाला.

"काय बघ? तेव्हा मला वाटलं, केवढं काम केलं मी, सोडवलं त्यांना. त्यात मी काय केलं? सायकल मारली, जिने चढले. खरं काम त्यांनीच केलं होतं." तिनं कॉफी संपवली. "ते मला येत नाही. मी नेहमी दाराच्या अलीकडे होते, पलीकडे कधी नव्हतेच."

सिसेल उठली. "चल, पलीकडे जा," ती हळूच म्हणाली.

त्यांनी बोडिलला कयाकमध्ये बसवलं. स्कर्ट ताणून लावला. प्रेबेन थोडा दूर जाऊन वळला आणि त्यानं वल्ह्यानं खूण केली. बोडिलनं टोपी कानांवर ओढली, एक श्वास घेतला आणि डाव्या अंगावर कलली. आकाश सरकलं, घरांच्या पिवळ्या भिंती सरकल्या, आणि पाणी नाकातोंडाशी आलं.

गार, हिरवं, गढूळ. कानांत घुं आवाज. तिनं हात वर काढले आणि थापा मारल्या. एक. दोन. तीन. सवयीनं हात पोटाकडे वळला. दोरीची गाठ बोटांना लागली.

तिनं हात मागे घेतला.

हे आमच्या स्वर्गातल्या पित्या, तिनं मनात सुरू केलं. किती जणांच्या उशाशी बसून तिनं हे म्हटलं होतं. त्यांच्या श्वासाच्या गतीनं, सावकाश, कारण त्यांना घाई चालत नसे. तुझं नाव पवित्र मानलं जावो. तळहात पाण्याबाहेर, कयाकच्या कडेनं त्याचं टोक चाचपत मागे-पुढे, मागे-पुढे. काही नाही. आमची रोजची भाकर आज आम्हाला दे. कुठूनतरी इंजिनाची घरघर आली, पाणी एकदम काळं झालं, कयाक हिंदकळली. हे प्रेबेनचं नव्हतं. प्रेबेनला इंजिन कुठलं? छाती आवळायला लागली. आमच्या अपराधांची आम्हाला क्षमा कर. हात रिकामे. मागे, पुढे. कारण राज्य, सामर्थ्य आणि गौरव ही तुझीच. आमेन.

आमेन झालं आणि कुणी आलं नाही.

दोरी तिथेच होती, पोटापाशी. तिला ती दिसत नव्हती, पण तिची जागा सगळ्या अंगाला कळत होती. छातीत ठिणग्या उडत होत्या. आणि तरी, त्या अंधारात, बोडिलला नवल वाटावं असं काहीतरी झालं. भीती संपली. तो निघालाय. उशीर करेल, पण निघालाय. तिनं पहिल्यापासून सुरू केलं. हे आमच्या स्वर्गातल्या...

उजव्या तळहाताला काहीतरी कठीण, गुळगुळीत लागलं.

तिनं ते दोन्ही हातांनी धरलं, कमरेला झटका दिला. कयाक फिरली, मागून खांदा आला, आणि सगळ्यांत शेवटी, शिकवलं होतं अगदी तसं, डोकं.

वर गोंधळ माजला होता. भाड्यानं घेतलेली एक सहलीची होडी दोघांच्या मधे घुसून आडवी झाली होती. टेबलावर वाइनच्या बाटल्या आणि चीज, एक मनुष्य एक बूट काढून पाण्यात उडी मारण्याच्या तयारीत, एक बाई किंचाळत होती, "बुडाली! बाई बुडाली!" आणि प्रेबेन लालबुंद होऊन, बेकरीत पोरांवरही कधी काढले नसतील असे शब्द त्यांच्यावर काढत होता. होडीला वळसा घालून तो आला होता. त्याच्या कयाकचं टोक अजून बोडिलच्या मुठीत होतं.

"बुडाली नाही ती, मूर्खांनो! माझी वाट बघत होती!"

"बूट घाला," बोडिल त्या माणसाला म्हणाली. "पाणी गार आहे."

होडीतले लोक ओशाळून दूर गेले. सिसेल धक्क्याच्या अगदी कडेला उभी होती, पाण्यात उतरण्यासाठी जाकीट काढलेली.

"मला वाटलं तू... बोडिल, तू इतका वेळ खाली... काय करत होतीस?"

"थांबले होते," बोडिल म्हणाली.

मग ती हसायला लागली. नाकातून पाणी गळत होतं, दात वाजत होते, आणि ती हसत होती, मोठ्यानं, कालव्याच्या दोन्ही भिंतींवर आपटेल असं. प्रेबेननं डोळे पुसले आणि पाणी उडालं म्हणाला.

"ये वर," सिसेल म्हणाली. "कपडे बदल. सही करते मी."

"म्हणजे परवाना झाला?"

"झाला."

"मग परवान्याचं काय करतात? भिंतीवर लावतात?" बोडिलनं पाण्यावर तरंगणारं वल्हं ओढून घेतलं. "पुलापर्यंत जाऊन येते."

"अगं, भिजली आहेस तू!"

"या पाणबंद सूटच्या आत कोरडी आहे. प्रेबेन, येतोस का?"

"मी पाव अर्धा टाकून आलोय," प्रेबेन कुरकुरला. पण त्यानं कयाक वळवली होती.

दोघं घरहोड्यांच्या रांगेजवळून गेले. एका धुराड्यातून लाकडाचा धूर निघत होता. सहलीच्या मोठ्या बोटी मोसम संपून मेणकापडाखाली बांधलेल्या होत्या. कालवा रिकामा, शांत, आपल्याच घरातल्या बोळासारखा झाला होता. पुलावर तांबड्या दिव्यापाशी सायकली थांबल्या होत्या. गळ्याभोवती मफलर गुंडाळलेली एक बाई कठड्यावरून वाकून म्हणाली, "अहो, थंडी नाही वाजत?"

"वाजते ना," बोडिल म्हणाली.

पुलाच्या पलीकडे बंदराचं मोकळं पाणी होतं आणि वारा समोरून होता. बोडिलनं ओली टोपी काढली, पिळली, पुन्हा डोक्यावर चढवली आणि वल्हं मारलं.