मालकांचे मासे आणि काकूंची पिवळी अक्षरे

मी एक जुना संगणक आहे. एका छापखान्यात, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. एका बाजूला कागदाचे गठ्ठे, दुसऱ्या बाजूला काकूंच्या चष्म्याचे घर. कारखान्यातून निघालो तेव्हा माझे शेकडो भाऊ माझ्याबरोबर होते. सगळ्यांचा चेहरा सारखा: निळा पडदा, खाली एक पट्टी, बारीक काळी अक्षरे. मित्रांनो, तेव्हा मला त्या चेहऱ्याचा केवढा अभिमान होता! आता हसू येते.

मला खरे वळण लावले ते काकूंनी. औषधांच्या बाटल्यांवरच्या लेबलांची अक्षरजुळणी त्या करतात. सगळा छापखाना त्यांना काकू म्हणतो, मालकसुद्धा. कारण मालक शाळेत जायचे तेव्हापासून काकू इथे कामाला आहेत. उजव्या डोळ्याने त्यांना जवळजवळ दिसत नाही आणि बोटे सांध्यांत आखडली आहेत. म्हणून त्यांनी माझा पडदा काळा केला, अक्षरे पिवळी आणि ठसठशीत केली, खालची पट्टी डावीकडे उभी लावली. दोन बटणे एकदम दाबायची कामे एका छोट्या प्रोग्रॅमने एकाच बटणावर आणली. सुरुवातीला मला अवघडल्यासारखे झाले. पण काकूंचे काम झपाट्याने होई आणि औषध किती घ्यायचे तो आकडा कधी चुकत नसे. "काकूंचं लेबल डोळे मिटून छापायला घ्यावं," असे यंत्रावरचे लोक म्हणत. ते ऐकून मी आतल्या आत फुगत असे.

मालकही हौशी. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी माझ्यात मासे सोडले. पडद्यावर सोनेरी मासे पोहू लागले, चौकटींच्या कडा पाण्यासारख्या हलू लागल्या. काकूंनी केलेले बहुतेक बदल माझ्याच सेटिंगमधून, दाराने आले होते. हे मासे मात्र भिंत फोडून आले. त्यांच्यासाठी माझ्या आतल्या मूळ फायली बदलल्या गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "अरे, या माशांच्या गर्दीत मला लेबल कसं दिसायचं?" मालकांनी मासे लपवले. काढून टाकले नाहीत. पुढे सगळेच ते विसरले.

मग मला चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झाली. दुरुस्तीवाले आले आणि त्यांनी तिची नवी आवृत्ती चढवली. मी चालू झालो आणि लगेच बंद पडलो. पुन्हा चालू, पुन्हा बंद. उचकी काही थांबेना.

"याच्या सेटिंग कुणी बदलल्यात का?" दुरुस्तीवाल्यांनी विचारले.

"बदलल्यात? काकूंनी पार अवतार करून ठेवलाय त्याचा!" मालक वैतागले होते. "सगळं पुसा आणि कंपनीतून आला तसा करा. काकू, तुम्ही आता बांधणीच्या टेबलावर बसा. लेबलांचं दुसरं कुणीतरी बघेल."

काकूंनी चष्मा काढून पुसला. मला फार वाईट वाटले, पण मला कुठे बोलता येते?

"छपाईत डाग आला, तर आपण सगळेच रंग ओतून देतो का रे?" त्या मालकांना म्हणाल्या. "एकेक रंग थांबवून बघतो ना? तसंच करा. आधी माझं बंद करा."

"बरोबर आहे काकू, मीच घाई करत होतो," दुरुस्तीवाले म्हणाले. त्यांनी मला अगदी जरुरीपुरते चालू केले आणि आधी काकूंचा बटणांचा प्रोग्रॅम थांबवला. उचकी तशीच. पडदा पुन्हा निळा आणि अक्षरे काळी केली. तरी तशीच.

"आणि हे मासे कुणाचे?"

मालक घसा खाकरत म्हणाले, "ते... माझे. पण मी ते केव्हाच लपवलेत."

"लपवलेत, पण आत आहेतच की!"

मासे निघाले, मूळ फायली जागेवर आल्या आणि मी मुकाट्याने चालू झालो. पिवळी अक्षरे जशीच्या तशी परतली. मात्र काकूंच्या बदलांनी काहीच त्रास दिला नाही, असे मी म्हणणार नाही. त्यांचा बटणांचा प्रोग्रॅम नव्या सिस्टीमला चालेना. त्याचीही नवी आवृत्ती घालावी लागली. आणि पट्टी डावीकडे उभी लावायची सोयच नव्या सिस्टीमने ठेवली नव्हती. तिथे दुरुस्तीवाल्यांनी हात टेकले.

पट्टी खालीच राहिली आणि काकू मान वाकडी करून ती शोधू लागल्या. तेव्हा मालक उठले. त्यांनी मला दोन्ही हातांनी धरून टेबलाच्या डाव्या कडेला सरकवले आणि जरा तिरके केले.

"आता दिसतंय का सगळं?"

"अजून थोडा इकडे घे. हां, बस्स."

मित्रांनो, तुमचा संगणक तुमच्या सोयीचा खुशाल करून घ्या. फक्त नवी आवृत्ती चढवण्याआधी कामाची प्रत काढून ठेवा. काय काय बदलले ते आठवा. नको असेल ते लपवू नका, काढून टाका. आणि बिघाड झालाच, तर दुसऱ्याची गरज म्हणजे नसती हौस असे समजून आधी तिच्यावर खापर फोडू नका.

मी अजूनही तसाच तिरका बसतो. नवीन माणूस आला की हमखास मला सरळ करायला जातो. तेव्हा मालक आतून ओरडतात, "हात लावू नका त्याला! काकूंना तो तसाच लागतो."