वारा फिरला की

आमच्या घरात पंचांग नाही. त्र्यंबकरावांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मुहूर्त बघणाऱ्यांची भारी चीड. ऋजुताच्या, आमच्या लेकीच्या लग्नात गुरुजी वेळेसाठी घाई करू लागले तर हे सगळ्यांदेखत हसले होते. आणि तेच गृहस्थ गेली कित्येक वर्षं घरातली प्रत्येक गोष्ट एका वाऱ्यावर ठरवत आले आहेत.

हा वारा डोंबिवलीत येत नाही. आमच्याकडे मानपाड्याच्या बाजूने येतो तो कारखान्यांचा वास. ह्यांचा वारा ढगांच्याही खूप वर, विषुववृत्ताला वेढून वाहतो. वर्षभर पूर्वेकडून, मग हळूहळू फिरून वर्षभर पश्चिमेकडून. हवामान खात्यातून निवृत्त झाल्यावरही एका संस्थेसाठी हे त्याचा अंदाज काढतात. फुगे वर जाऊन आकडे पाठवतात, ते रोज बघत बसायचं. वारा फिरायच्या बेताला आला की ह्यांना घरात कोणी शिंकलेलंसुद्धा चालत नाही. घराचा रंग, गावचं देवकार्य, सगळं ‘वारा फिरला की’. पूर्वी ते निभायचं, कारण वारा वेळेवर फिरायचा.

मग त्याचं तंत्रच बिघडलं. दोनदा तर तो अर्ध्यावर मोडला. मोजायला लागल्यापासून असं कधी झालं नव्हतं म्हणे. पृथ्वी तापते तशी आपल्याकडच्या उष्ण पट्ट्यातली हवा तिथे वर जास्त जोराने चढते, आणि वरून हळूहळू खाली उतरणाऱ्या या वाऱ्याला ती उतरू देत नाही, असं ह्यांचं म्हणणं. पुरती खात्री अजून कोणालाच नाही. मला एवढंच कळलं, की आता तारीख मिळणार नाही.

नेमका तेव्हाच माझा गुडघा गेला. ठाण्याच्या डॉक्टरांनी बदलून घ्या म्हणून सांगितलं. हे म्हणाले, “वारा फिरला की करू. मग मी मोकळा. तुला उठू देणार नाही.” मी हो म्हटलं. इतक्या वर्षांत मलाही तीच सवय लागली होती. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. आधी माझी गच्ची सुटली, मग भाजीबाजार, मग खाली बाकावर बसायला जाणं.

परवा हे वाचनालयात पृथ्वीच्या तापण्यावर व्याख्यान देऊन तणतणत आले. “सगळ्यांना पटतं गं. पण काही करायचं म्हटलं की पुढच्या वर्षी बघू. काही गोष्टी थांबत नाहीत, हे कळत कसं नाही लोकांना?”

मी ओट्याला टेकून आमटी ढवळत होते. भांडायची ताकदच नव्हती. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना फोन करून वेळ घेतली आणि ह्यांना नुसतं कळवलं.

डॉक्टरांनी नवा एक्स-रे बराच वेळ पाहिला. “ऑपरेशन करू. दुखणं जाईल. पण पाय आता पूर्ण सरळ होणार नाही, आखडलाय. इतके दिवस थांबलात कशासाठी?”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे एक्स-रे पाकिटात भरू लागले.

परतताना शीळफाट्याला रिक्षा अडकली. ह्यांचा फोन वाजला. संस्थेतला साकेत होता, आवाज मलाही ऐकू येत होता. “सर, आजचे आकडे बघितले का? वारा फिरायला लागलाय.”

“बरं,” म्हणून ह्यांनी फोन ठेवला.

“घरी जाऊन बघा,” मी म्हटलं. “एवढी वाट पाहिलीत.”

“मी उशीर केला, प्रमोदिनी.”

हे मला हवं होतं, कितीतरी दिवस. आता ऐकलं तर काहीच वाटलं नाही. मला फक्त आडवं व्हायचं होतं, आणि त्याआधी तीन मजले चढायचे होते.