दुकानाच्या नावाचा रोल

फिल्म कुणी बनवली हे मी वासावरून सांगतो. एकदा तर तिकिटाच्या रांगेत पुढच्या माणसाच्या खिशातली ओळखली होती. खिशातून मोजा निघाला, ती गोष्ट वेगळी.

पण बायकोच्या कॅमेऱ्यात राहिलेल्या रंगीत स्लाइडच्या रोलपुढे माझं नाक हरलं. डबीवर चौकातल्या दुकानाचं नाव. दुकानदार काय फिल्म बनवतो? ज्याचा माल स्वस्त, त्याचा घ्यायचा आणि वर आपला कागद चिकटवायचा. ही बहिणीबरोबर डोंगरावर गेली, तेव्हाचा रोल. मी गुडघ्याचं निमित्त काढून घरी राहिलो. परत आली ती आजार घेऊनच, त्यातच गेली, आणि रोल कपाटात पडला तो पडलाच.

"आता धुऊन टाका की, भाऊजी," मेहुणी म्हणाली. ती रविवारी येते, माझ्या थापा ऐकते आणि जाताना माझी भांडी घासून जाते.

"आधी या फिल्मचा बाप कोण ते कळू दे. साध्या फिल्मच्या पोटातच रंगाची सोय असते, आजही धुता येते. पण एक जुनी कंपनी रंग धुताना बाहेरून चढवायची. ती यंत्रं कधीच भंगारात गेली."

"मग ओळखायचं कसं? चाटून?"

"चाटूनही सांगितलं असतं. पण त्या कंपनीच्या फिल्मच्या पाठीला काळा मुलामा असतो. सोड्याच्या पाण्यात सुटतो."

बशीत धुण्याचा सोडा कालवला. रोलचं बाहेर राहिलेलं टोक बोटभर कापून त्यात बुडवलं आणि अंगठा फिरवला. सुटू नको बाबा, एवढंच मनात. अंगठा काजळीत घातल्यासारखा काळा झाला.

मेहुणीने टॉवेल पुढे केला.

रंग गेले ते गेलेच. उरलं ते मी न्हाणीघरात कृष्णधवल धुतलं. बहुतेक चित्रं धुरकट. एकच धड निघालं, त्याचा कागदावर फोटो केला. कठड्याला टेकून उभी ही, खांद्यावर शाल. पुढच्या रविवारी तो मेहुणीपुढे ठेवला.

"शाल कुठल्या रंगाची गं?"

"जांभळी. चांगली गडद," ती लगेच म्हणाली.

फोटोत शाल जवळजवळ पांढरी होती. माझा जन्म करड्या छटा वाचण्यात गेला. गडद जांभळं असं येत नाही. मी बोट कठड्यावर नेलं.

"आणि कठडा?"

"हिरवा. नुकताच रंगवलेला. ताईची बाही भरली. म्हणाली, हे आले असते तर आधी यांना टेकवून बघितलं असतं."

"थापा मारतेस."

"कुणाकडून शिकले?"

भांडी घासून ती गेली. मी दार लावलं, एकच दिवा ठेवला. फोटोत बाहीवर एक डाग होता. जुन्या फिल्मवर असे पडतातही. फोटो नाकाशी धरला.

ओल्या तैलरंगाचा वास येत होता. हिरव्या.