सोडून दे

दीक्षाच्या पडद्यावर ‘टाकलेली पॅकेट्स’ या शब्दांपुढचा आकडा वाढत होता, आणि तो वाढायला नको होता.

भोसरीत एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर दीक्षा आणि तिचा वरिष्ठ शेखर यांची लहानशी कंपनी होती. कारखान्यातल्या यंत्रांच्या नेटवर्कवर बाहेरून नको ते शिरू नये, म्हणून ती पहाऱ्याची एक पेटी बनवायची. आलेल्या प्रत्येक पॅकेटला, म्हणजे संदेशाच्या प्रत्येक तुकड्याला, पुढे जाऊ द्यायचं की टाकून द्यायचं हे त्या पेटीच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, ठरवायचा. कसं ठरवायचं, याच्या सूचना दीक्षाने रचल्या होत्या. अमुक बाइट वाच. याच्याशी ताडून बघ. जुळला तर पुढच्या तमुक सूचनेवर उडी मार. मागे उडी मारायची मुभा तिने ठेवलीच नव्हती. मागे जाता आलं की गोल गोल फिरता येतं, आणि कर्नल फिरत बसला की सगळी पेटी गोठते.

तिला अडवलं होतं ते दुसऱ्याच प्रश्नाने. सूचना म्हणते पुढचा बाइट वाच, पण पॅकेट तर आधीच संपलंय. मग काय करायचं? शेखर हेल्मेट चढवून जिना उतरत होता, तेव्हा तिने त्याला हे विचारलं होतं.

“एवढंसं असेल तर सोडून दे,” तो म्हणाला होता.

दीक्षाने सोडून दिलं. म्हणजे असं पॅकेट टाकून द्यायचं, अशी सूचना लिहिली. येत नसलेला प्रश्न पेपरात सोडून देतात, तसं.

आज सकाळपासून ती पेटी चाकणच्या एका कारखान्यात चाचणीला लागली होती. टाकलेली पॅकेट्स दीक्षाने उघडून पाहिली. सगळी तोकडी, सगळी एकाच ठिकाणाहून आलेली. रोबोच्या पिंजऱ्याच्या दारावर एक सेन्सर होता, त्याची. आत मजकूर एवढाच: दार उघडलं. तो मिळाला की रोबोने जागीच थांबायचं असतं.

तिने शेखरला फोन लावला. तो तिथेच, कारखान्यात उत्पादनाच्या लाइनवर होता.

“शेखरदादा, दार उघडल्याचं रोबोला कळतच नाहीये. आपली पेटी ते पॅकेट टाकतेय.”

“टाकतेय? का?”

“लहान आहे म्हणून. तुम्हीच म्हणालात, सोडून दे.”

“अगं, सोडून दे म्हणजे जाऊ दे! पाटाला पाणी सोडतात, तसं. टाक असं कोण म्हणालं तुला?”

“पण दाराची वेगळी वायर असेल ना? थेट रोबोकडे जाणारी?”

पलीकडे यंत्रांचा खडखडाट चालला होता. त्यातून शेखर म्हणाला, “होती. मागे कारखाना बंद होता तेव्हा काढली, म्हणत होते इथले लोक. सगळं नेटवर्कवर घेतलंय.”

तेवढ्यात आकडा पुन्हा वाढला.

“आत्ता, या क्षणी कोणीतरी दार उघडलंय. लाइन बंद करा.”

“तूच तिथून बदल पाठव ना.”

“त्यासाठी पेटी बंद करून परत चालू करावी लागेल. तेवढा वेळ नाहीये.”

“दीक्षा, आपला पहिला दिवस आहे. बाहेरच्या माणसाने लाइन थांबवायचं लाल बटण दाबलं तर उद्या गेटच्या आत घेणार नाहीत. तू आधी खात्री कर, तोवर मी साहेबांना...”

“खात्री कशी करू? रोबो हलला की होईल खात्री!”

धावणाऱ्या बुटांचा आवाज आला. “ओ भाऊ, सरका! सरका राव!” आणि मग खडखडाट एकदम तुटला.

त्या शांततेत कुणीतरी सणसणीत शिवी हासडली. “कुनी बंद केली रे लाइन?” आवाज पिंजऱ्यातून, घुमल्यासारखा येत होता. शिवी ऐकून दीक्षाला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

शेखर कुणाला तरी समजावत होता, कुणीतरी त्याच्यावर ओरडत होतं. थोड्या वेळाने फोनवर तोच पिंजऱ्यातला आवाज आला.

“म्याडम, मी रोहिदास, मेन्टेनन्सचा. तुमचा मानूस काय बी बोलतोय. रोबो तर थांबलेलाच व्हता की.”

“दारामुळे नव्हता थांबला.”

“मग कशानं?”

दीक्षाने क्षणभर विचार केला. “पार्ट अडकला होता का?”

“व्हय. सकाळधरनं अडकतोय. मी आत जातो, काढतो, भंगारात टाकतो. त्यात काय एवढं?”

“तो पार्टची वाट बघत उभा होता, दादा. तुम्ही आत आहात हे त्याला माहीतच नव्हतं. समोर पार्ट आला की त्याने हात फिरवला असता.”



“ह्या टायमाला पार्ट चांगला निघाला,” रोहिदास हळू आवाजात म्हणाला. “म्हनलं, कशाला टाकायचा. रोबोच्याच फुडं सरकवत व्हतो.”